तोंडातलं गवत

लामिसीच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक खाच आहे. तिच्या आत्यालाही होती. आत्याच्या आईलाही होती म्हणतात. आमच्या सुम्ब्रुंगू गावात टोपल्या विणणाऱ्या कुठल्याही बाईला हसवा, खाच दिसेल.

गवताची काडी उभी चिरावी लागते. एक टोक दातांत धरायचं, जिभेने ओलं करायचं, चावून फट पाडायची आणि हाताने खाली ओढायचं. काडीचे दोन सारखे भाग होतात. मग ते वळायचे, रंगवायचे, विणायचे. सुरीने चिरलं तर काडी वाकडी फाटते. एक भाग जाड उरतो, दुसरा तुटतो. काडी कुठे फाटणार हे दाताला आधी कळतं. यात गूढ काही नाही.

एका कागदावर हे लिहायची वेळ माझ्यावर आली होती. मी तिथे दुसरंच लिहिलं.

लामिसी चौतीस वर्षांची आहे. तिला आत्याने वाढवलं. आत्याचं नाव अतिपोका. शाळा सुटली तेव्हा लामिसीला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं आणि विणायला त्याहून चांगलं येत होतं. आत्याच्या घरामागे कडुलिंबाचं झाड आहे. त्याखाली अकरा बायका विणायला बसतात. ऊन सरकलं की बायका सरकतात. पाऊस आला की गवत उराशी धरून पळतात. तरी भिजतंच. भिजलेल्या गवतावर काळे ठिपके पडतात, आणि बोल्गा शहराच्या बाजारात व्यापारी असली टोपली हातातही घेत नाही. पायाने बाजूला सारतो. लामिसीच्या टोपल्या मी दोनदा पायाने सारलेल्या पाहिल्या आहेत. ती वाकून उचलते, धूळ झटकते आणि पुन्हा मांडते.

तिला छप्पर हवं होतं. इतर काही मागताना मी तिला ऐकलं नाही.

मी लेगॉनच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन परत आलो होतो. काकाचं फोन चार्ज करून द्यायचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी बसून असायचो. माझ्याकडे लॅपटॉप होता आणि त्यात वसतिगृहात कुणीतरी टाकून दिलेला एक खेळ. त्यात माणसं बनवायची, त्यांना घरं बांधून द्यायची, जेवू घालायचं, आंघोळ घालायची, झोपवायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर पट्ट्या. एक भुकेची, एक झोपेची, एक करमणुकीची. पट्टी हिरवी असली की माणूस सुखात, लाल झाली की कोसळतो. मला आठवड्यात कंटाळा आला.

लामिसी दुपारी फोन चार्जिंगला लावायला आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली.

"हे काय? बाहुल्यांचा संसार?"

"तसंच काहीतरी."

"तिला भूक लागलीय बघ. आणि तू तिला नाचवतोयस. सरक."

मी सरकलो. तो लॅपटॉप पुन्हा खऱ्या अर्थाने माझा झाला नाही.

काही महिन्यांनी राजधानीतल्या, आक्रातल्या एका संस्थेची जाहिरात माझ्या फोनवर आली. आपल्या समाजाच्या हातकामाचा बाजार या खेळात उभारा. सगळ्यांत चांगला ठरेल तो आम्ही तुमच्या गावात खरोखर बांधून देऊ, नकाशाबरहुकूम. मी लामिसीला वाचून दाखवलं.

"छप्पर देणार?"

"आख्खा बाजार देणार."

"मला छप्पर पुरे."

खेळात तयार दुकानं मिळतात. काचेची फळी, आत विकणारा, बाहेर घेणारा. लामिसीने सगळ्या फळ्या काढून टाकल्या. छपराखाली बायकांचं रिंगण केलं आणि रिंगणात मध्ये मध्ये रिकामे पाट ठेवले.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला. उभं राहिलं की ते वरून बघतं. पायही तिथेच असतो त्याचा. बसव त्याला."

रंगाच्या हंड्या वाऱ्याच्या उलट बाजूला. तान्ह्या पोरांना भिंतीची सावली. पत्र्याला उतार, खाली पन्हळ, पन्हळीखाली रांजण. छपराची उंची तिने आत्याला काठी वर धरायला लावून ठरवली. मग एकेक बाई बनवायला घेतली, खऱ्या बायकांवरून. त्या रोज दुपारी दोघी-तिघी बघायला यायच्या आणि काकाच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही.

"माझं बूड एवढं आहे?"

"आहे."

"मग अजून मोठं कर की. आक्रावाल्यांना कळू दे आम्ही जेवतो."

अडलं ते काडी चिरण्यापाशी. खेळात कुणी गवत चिरत नाही. लामिसी तीन दिवस खेळात शोधत राहिली. चौथ्या दिवशी तिला भाजलेलं कणीस खाणारा एक माणूस सापडला. दोन्ही हातांनी कणीस तोंडाशी धरायचा आणि दात लावून ओढायचा. तिने त्याच्या हातातलं कणीस काढलं आणि काडी दिली. कसं करायचं याच्या सूचना किचकट इंग्रजीत होत्या. त्या मी वाचल्या, बाकी सगळं तिचं. आता अकरा बायका रिंगणात बसून दाताने काड्या चिरू लागल्या. बघताना अंगावर काटा आला. खरं दिसत होतं.

पण खेळाला वाटलं बायका गवत खातायत. त्यांच्या भुकेच्या पट्ट्या हिरव्यागार झाल्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली, कुणी जेवायला उठेना.

अतिपोका आत्या खूप हसली. "तिथे तरी रोजचं बाजरीचं टीझेड घोटायला नको. मला तिकडेच पाठव गं."

आत्याला आता चार दात आहेत. खाचेचे दोन कधीच गेले. ती बाजूच्या दाढेने चिरते, मान वाकडी करून. लामिसीने खेळातल्या आत्याला सगळे दात दिले होते. आत्या पडद्याजवळ गेली. तिचं नाक पडद्याला टेकलं.

"हे माझे दात आहेत."

"हो."

"कुठे सापडले गं?"



आम्ही बाजार पाठवला. तो निवडला गेला. संस्थेकडून मॅडम अडोबेआ आल्या. पांढरी गाडी, मऊ आवाज, सगळ्यांची नावं विचारणार, लहान पोरांशी बसून बोलणार. बाजार बघताना त्यांचे डोळे भरून आले. हे मी चेष्टेने लिहीत नाही, खरंच आले. मग त्यांनी चित्र जवळ आणलं. खेळातल्या आत्याचा चेहरा पडदाभर झाला.

"हे काय करताहेत?"

"काडी चिरताहेत," मी म्हटलं.

"तोंडाने?"

"दाताने."

रश्श्यात केस दिसल्यावर माणसाचा जसा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. क्षणभरच. मग तो त्यांनी आवरला. आवरलेला चेहरा आधीच्यापेक्षा वाईट होता.

"हे बघा, मला स्वतःला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण लोक या टोपल्यांत पाव ठेवतात. फळं ठेवतात. देणगीदारांना दाखवायचं आहे. एवढं काढा. आणि आमच्या पुस्तकासाठी जे वर्णन लिहाल त्यात थोडं स्वच्छतेबद्दल येऊ द्या. तुम्ही साहित्याचे आहात, तुम्हाला काय सांगायचं."

लामिसी आत्याकडे गेली आणि तिला सगळं सांगितलं. आत्या काडी वळत होती, हात थांबला नाही.

"छप्पर पत्र्याचं की गवताचं?"

"पत्र्याचं."

"मग काढ."

लामिसीने काड्या काढल्या आणि बायकांच्या हातात सुऱ्या दिल्या. खेळात भाजी चिरणारी बाई असते, तिचे हात तिने घेतले. आता बायकांना भूक लागायला लागली. दुपारी दोनला सगळ्या उठून घरी जायच्या आणि बाजार ओस पडायचा. मॅडमना ते फार आवडलं. कामाचे ठरावीक तास, त्या म्हणाल्या.

आणि मी लिहिलं. 'उत्तरेच्या कोवळ्या उन्हात, निर्मळ पाण्याने भिजवलेलं गवत स्वच्छ अवजारांनी विलग केलं जातं, आणि पिढ्यांचं शहाणपण त्यात गुंफलं जातं.' असं आणखी बरंच होतं. 'निर्मळ' या शब्दासाठी मी अर्धा तास घालवला होता. सापडला तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की थुंकावंसं वाटतं.

खांब उभे राहिले. आडव्या तुळया आल्या. मग पत्रे आले, ट्रकमधून. ट्रक चालवणारा बायोर वा शहराकडचा, दगाबा जमातीचा. दगाबांचं आणि आमचं थट्टेचं नातं आहे, कुणी लावलं ते आठवत नाही. एकमेकांना काहीही बोलायचं, कुत्रं खाणारे म्हणायचं, गुलाम म्हणायचं. जो चिडला तो हरला.

"काय गं म्हातारे, कुत्र्याचं मुंडकं शिजलं का?" बायोर ट्रकमधूनच ओरडला.

"शिजलंय की. शेपूट तुला ठेवलंय, गुलामा. आधी माझे पत्रे उतरव."

"तुझे? तू तर माझी. मी तुला दोन शेंगदाण्यांना विकत घेतली, विसरलीस?"

"घेतलीस ना, मग खायला घाल. बघ माझे दात, उपाशी ठेवून पाडलेस."

बायका पोट धरून हसत होत्या. पत्रे झाडाखाली रचले गेले, वर ताडपत्री. लामिसीने ताडपत्रीचं टोक उचलून पत्र्यावर हात ठेवला. उन्हाने तापला होता. तिने तसाच ठेवला.

पण पत्रे लगेच बसवायचे नव्हते. छपराखाली अंधार होतो, फोटो चांगले येत नाहीत, असं मॅडमचं म्हणणं. उद्घाटन आधी, उघड्या खांबांखाली. पत्रे दुसऱ्या दिवशी ठोकायचे.

उद्घाटनाच्या आधीचा आठवडाभर बायकांनी घरोघरी गवत चिरून ठेवलं. दातांनी. सुऱ्यांनी होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. त्या दिवशी सकाळी संस्थेने अकरा सुऱ्या वाटल्या, रंगीत मुठींच्या, आणि अकरा निळे मास्क. बायकांनी टाकाऊ गवत समोर घेतलं आणि सुऱ्यांनी फाडत बसल्या, फोटोंसाठी. खऱ्या टोपल्या मागे रचलेल्या होत्या. मास्कमुळे कुणी बोलत नव्हतं. अकरा सुम्ब्रुंगूच्या बायका एका जागी बसल्यात आणि आवाज नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. आत्याचा मास्क सारखा घसरत होता. लामिसी उठून तो तिच्या कानामागे नीट अडकवायची. तीनदा अडकवला.

समोर मोठ्या पडद्यावर खेळ चालू होता. तिथेही सुऱ्या.

मॅडमनी माझा परिच्छेद मोठ्याने वाचला. टाळ्या झाल्या. मग त्या रिंगणात आल्या आणि लामिसीच्या नकाशाप्रमाणे रिकाम्या पाटावर बसल्या, लामिसी आणि आत्याच्या मध्ये. मला शिकवा, म्हणाल्या. मी दुभाष्या म्हणून मागे उभा राहिलो.

लामिसीने अर्धवट विणलेली टोपली त्यांच्या मांडीवर दिली. डाव्या हाताने बूड धरायचं, उजव्याने काडी खालून वर ओढायची. तोवर पुढची काडी कुणीतरी धरून ठेवावी लागते. टोपलीला तीन हात लागतात. माणसाला दोन असतात. मॅडमनी मान खाली घातली होती, जीभ ओठाबाहेर आली होती, अगदी मन लावून करत होत्या. आणि त्यांनी पुढची काडी उचलून दातांत धरली.

त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कॅमेरे खटखटले.

बायका थांबल्या. मग एका मास्कमागून खुसखुस आली, मग दुसऱ्या. खांदे हलायला लागले. आत्याने मास्क हनुवटीवर ओढला.

"विचार रे तिला, चव कशी आहे," ती मला म्हणाली. "काल मीच चिरलीय ती. या दाढेने."

रिंगण फुटलं. लामिसीसुद्धा हसली. मॅडमही हसल्या, काडी दातांत धरूनच, आणि मागे वळून मला म्हणाल्या, "काय म्हणतात आजी?"

मी म्हणालो, "म्हणतात, तुमच्या हातात कला आहे."

हसणं थांबलं. इतर बायकांना इंग्रजी कळत नाही, पण कुठल्या वाक्यावर कुणी हसलं पाहिजे ते कळतं. माझ्या वाक्यावर मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी लाजून मान हलवली होती.

लामिसीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. काठ बिघडलेल्या टोपलीकडे ती जशी बघते तशी बघत होती. मग तिने मास्क काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि स्वतः इंग्रजीत बोलली. शाळेतलं इंग्रजी, एकेक शब्द.

"मॅडम, ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, तुमच्या तोंडातली काडी काल तिच्या तोंडात होती. मागच्या सगळ्या टोपल्या तशाच आहेत. सुऱ्या फोटोसाठी आहेत."

मॅडम थुंकल्या. मांडीवरच्या टोपलीत.

मग पाण्याची बाटली मागवली. तीनदा चूळ भरली, खांबांच्या बुडाशी, रंगाच्या हंड्यांपाशी, जिथे पोरांना निजवायचं होतं तिथे. पाव ठेवतात, फळं ठेवतात म्हणणाऱ्या बाई. टोपली तिथेच पडली होती, तळाशी थुंकी. कुणी उचलेना. शेवटी आत्याने उचलली, उलटी केली, मातीने घासली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच किळस पाहिली. तिला दुसऱ्याच्या थुंकीची किळस नसते. लहानपणी तिनेच चावून भरवलेलं आम्ही सगळ्यांनी खाल्लंय. ही किळस वेगळी होती.

दोन दिवसांनी बायोर ट्रक घेऊन आला. फसवणूक झाली असं संस्थेचं म्हणणं होतं. पत्रे परत न्यायचे होते.

आत्या झाडाखाली मान वाकडी करून काडी चिरत होती. तिनेच सुरुवात केली. "काय रे गुलामा, आता मालकिणीचे पत्रे चोरतोस?"

बायोरने वर पाहिलं नाही. एकेक पत्रा उचलत राहिला. पत्र्यांचा आवाज गावभर गेला असेल.

"बोल की रे. जीभ कुत्र्याने नेली?"

"मा," तो म्हणाला, "मला सांगितलंय त्यांनी."

आत्याच्या हातातली काडी थांबली. दगाबा माणूस तिच्याशी अदबीने बोलला होता. सत्तर वर्षांत तिचा असा अपमान झाला नसेल.

ट्रक गेल्यावर मी लामिसीला म्हणालो, "एक दिवस थांबली असतीस. फक्त एक दिवस. पत्रे ठोकून झाले असते."

ती रंगाच्या हंडीखालची लाकडं सारत होती.

"सुऱ्या मी घातल्या," ती म्हणाली. "आत्याच्या कानामागे मास्क मी अडकवला. छपरासाठी अजूनही खूप केलं असतं मी. पण तू आत्याच्या तोंडचं बदललंस."

"छपरासाठीच बदललं."

"ती थट्टा होती रे. मॅडमच्या तोंडात काडी होती आणि ती हसत होती. तसंच सांगितलं असतंस तर हसलीही असती कदाचित. कदाचित नसती. पण ते घाण आहे हे मॅडमच्या आधी तू ठरवलंस."

मला वाटलं होतं मला किळस येतेय ती मॅडमची.

खांब अजून उभे आहेत. त्यांना शेळ्या बांधतात. सुऱ्या भेंडी चिरायला बऱ्या आहेत, बायका म्हणतात. संस्थेचं पुस्तक निघालं. त्यात दुसऱ्याच गावाचा फोटो आहे आणि खाली माझा परिच्छेद, निर्मळ पाण्यासकट. कुणी एक शब्दही बदललेला नाही. कुठल्याही गावाखाली तो बसतो.

परवा मी झाडाखाली गेलो. लॅपटॉप एका उलट्या टोपलीवर होता. लामिसीने बाजारावरचं छप्पर काढून टाकलंय. खोटं कशाला, म्हणाली. बायका रिंगणात आहेत, काड्या पुन्हा दातांत. पट्ट्या हिरव्यागार. पडद्यावरच्या फाटकापाशी मात्र एक नवा माणूस उभा होता. काटकुळा, चष्मा लावलेला, हातात कागद. त्याची भुकेची पट्टी लाल होती. मी बघत होतो तोवर तो डोळे फिरवून जमिनीवर पडला.

"पडला बघ आपला पदवीवाला," एक बाई म्हणाली. बाकीच्यांनी वळूनही पाहिलं नाही. रोजचं असावं.

"त्याला काहीतरी खायला दे," मी म्हणालो.

"तिथे गवतच मिळतं," लामिसी म्हणाली. "पण तोंडात धरावं लागतं."

आत्याने माझ्याकडे न बघता नुकतीच चिरायला घेतलेली काडी पुढे केली. मी ती घेतली. टोकाशी ओली होती. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला न बघता कळलं. तो मी आधी पडद्यासमोर पाहिला होता, मॅडमचा.

पडद्यावरचा माणूस धडपडत उभा राहिला आणि पुन्हा पडला.

"उठेल," लामिसी म्हणाली आणि पुढची काडी दातांत धरली.